तारा: आपली आणि आयर्लंडची

गंगापूर रोडवर राहणाऱ्या एका आजींनी विचारले आहे की, डब्लिनला जन्मलेल्या नातीचे नाव बारशात ‘तारा’ ठेवले, तेव्हा तिथल्या शेजाऱ्यांनी ‘हे तर आमच्याकडचेच नाव’ म्हणून कौतुक केले. तर हा शब्द मुळात एकच आहे का, आणि मराठीत आपण ‘तो तारा’ म्हणतो, मग हे नाव मुलीचे कसे?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो लवकर सुटतो. संस्कृतात ‘तारा’ स्त्रीलिंगी आहे. मराठीने आकाशातला तारा पुल्लिंगी केला, विशेषनाम मात्र मूळ लिंगातच राहिले. म्हणूनच प्रकाश ‘ताऱ्याचा’ असतो, पण सुग्रीवाशी लढायला जाऊ नका असे वालीला विनवले ते ‘तारेने’. प्रातःस्मरणातल्या पंचकन्यांपैकी तारा ती हीच. ऋग्वेदातल्या ‘स्तृभिः’ या रूपावरून शब्दाच्या आरंभी पूर्वी ‘स्’ होता हे कळते, आणि मग फारसी ‘सितारा’, ग्रीक ‘आस्तेर’ व इंग्रजी ‘स्टार’ यांच्याशी असलेले नातेही उलगडते.

वेरूळच्या बौद्ध लेण्यांत जिची शिल्पे आहेत, त्या तारेची कथा निराळी. तिच्या नावाचा अर्थ परंपरेने ‘तृ’ धातूवरून, म्हणजे तारून नेणारी, असा लावला. तिबेटी भाषांतरकारांनीही चांदणीचा विचार न करता तिला ‘डोल्मा’, म्हणजे मुक्त करणारी, म्हटले. आजही ते तिबेटी मुलींचे नेहमीचे नाव आहे. ‘देव तारी त्याला कोण मारी’ यातले ‘तारी’ याच धातूचे.

आयर्लंडची तारा मात्र मुळात एक टेकडी आहे. डब्लिनच्या वायव्येला, मीथ परगण्यात असलेली ही जागा आयरिश परंपरेत राजाधिराजांचे पीठ मानली जाते. तिचे जुने आयरिश नाव ‘तेमाइर’. त्याचा अर्थ कोणी दूरवर नजर पोहोचेल असे उंच ठिकाण, तर कोणी वेगळे राखलेले पवित्र स्थान असा लावतात. ‘तारा’ हे त्याचे इंग्रजी वळण, आणि तेच पुढे मुलींना ठेवले जाऊ लागले. आकाशातल्या ताऱ्याला आयरिश भाषेत ‘रेल्टा’ म्हणतात, त्यामुळे तिथे चांदणीचा संबंध येतच नाही. शेजाऱ्यांचे म्हणणे खरे आहे, फक्त त्यांची तारा आणि आपली तारा या सख्ख्या सोडाच, चुलत बहिणीही नव्हेत.