बटणाची अट एकदाच लिहावी

प्रश्न : आमच्या वाचनालयासाठी मी पायथनमध्ये टिकिंटर (खिडक्या, रकाने, बटणे तयार करण्याचे साधन) वापरून सभासद नोंदणीचा प्रोग्राम लिहिला आहे. नाव आणि वर्गणी भरल्याखेरीज ‘जतन करा’ हे बटण चालू होऊ नये, यासाठी सहा ठिकाणी तपासणी घातली, तरी एखादी जागा सुटतेच. डिक्लेरेटिव्ह पद्धतीने हा प्रश्न सुटेल का? त्यासाठी सगळे नव्याने लिहावे लागेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : प्रश्न सुटेल, आणि सगळे लगेच नव्याने लिहिण्याची गरज नाही. आपण आज प्रत्येक घटनेनंतर ‘आता बटण चालू कर, आता बंद कर’ असा हुकूम देत आहात. डिक्लेरेटिव्ह पद्धतीत ‘नाव आणि वर्गणी भरलेली असेल तेव्हा बटण चालू’ हे नाते एकदाच लिहायचे असते आणि ते पाळण्याची जबाबदारी चौकटीची, म्हणजे पडदा चालवणाऱ्या तयार फ्रेमवर्कची, असते. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफ या चौकटीने २००६ मध्ये, क्यूटी या चौकटीच्या क्यूएमएल या भाषेने २०१० मध्ये आणि ॲपलच्या स्विफ्टयूआयने २०१९ मध्ये हाच विचार आपापल्या पद्धतीने आणला. डिझायनरमध्ये बटणे ओढून मांडली आणि त्याची एक्सएमएल फाइल तयार झाली, एवढ्याने मात्र काम भागत नाही, कारण त्या फाइलमध्ये बहुधा पडद्याची सुरुवातीची मांडणीच असते. पुढचे सारे बदल पुन्हा आपल्यालाच हाताने करावे लागतात.

टिकिंटरमध्येच राहायचे असल्यास प्रत्येक रकान्याला एक स्ट्रिंगव्हार (रकान्यातील मजकूर धरून ठेवणारा चल) जोडावा, त्यावर ट्रेस (मजकूर बदलताच कळवणारी सोय) लावावा आणि सर्व ट्रेसमधून एकच फंक्शन बोलवावे. ते फंक्शन दोन्ही रकाने पाहून बटणाची अवस्था ठरवील. बाकी कोठूनही बटणाला हात लावायचा नाही. सहा तपासण्यांच्या जागी एक उरते.

नव्याने लिहायचे ठरवलेच, तर पायसाइड ६ (पायथनमधून क्यूटी वापरण्याचे साधन) आणि क्यूएमएल यांची जोडी मी सुचवीन. तेथे बटणाच्या ‘एनेबल्ड’ (चालू आहे का) या गुणधर्मासमोर अट लिहिली की बाइंडिंग, म्हणजे आपोआप पाळले जाणारे नाते, तयार होते. पण येथेच नवशिके हमखास फसतात. जतन होत असताना बटण दुसऱ्यांदा दाबले जाऊ नये म्हणून ‘ऑनक्लिक्ड’मध्ये (बटण दाबल्यावर चालणाऱ्या भागात) ‘एनेबल्ड’ला थेट ‘फॉल्स’ (नाही) ही किंमत दिली, तर त्या क्षणी बाइंडिंग तुटते, सहसा कोणताही इशारा मिळत नाही, आणि पुढच्या सभासदाचे नाव भरले तरी बटण बंदच राहते. म्हणून ‘जतन चालू आहे’ असा एक स्वतंत्र गुणधर्म ठेवावा, ‘ऑनक्लिक्ड’मध्ये फक्त तो बदलावा, आणि बटणाच्या अटीत ‘जतन चालू नसेल तर’ हे तिसरे कलम जोडावे.

सभासदांच्या यादीसाठी क्यूएमएलमधील लिस्टव्ह्यू हा यादी दाखवणारा घटक वापरावा. तो साधारणपणे दिसणाऱ्या ओळींपुरतेच घटक तयार करतो, त्यामुळे यादी लांबली तरी पडदा जड होत नाही. मात्र पायथनची साधी यादी त्याला देऊन नंतर तिच्यात नाव जोडले, तर पडद्यावर काहीच बदलणार नाही, कारण बदल झाल्याचे कोणी कळवलेलेच नसते. त्यासाठी क्यूॲबस्ट्रॅक्टलिस्टमॉडेल या क्यूटीच्या तयार क्लासपासून स्वतःचे मॉडेल (यादीची माहिती पुरवणारा भाग) तयार करावे आणि ओळ घालण्यापूर्वी ‘बिगिनइन्सर्टरोज’ व घातल्यानंतर ‘एंडइन्सर्टरोज’ आठवणीने बोलवावे. पायथनमधून दिलेल्या प्रत्येक बदलत्या गुणधर्मालाही ‘नोटिफाय’ सिग्नल (बदल झाल्याचे कळवणारा इशारा) हवाच, नाहीतर त्यावरचे बाइंडिंग पहिली किंमत धरून बसते.