हरलेल्याला दाखवता येईल का?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळून तीन आठवडे झाले. तू दोन गोष्टी विचारल्या होत्यास: मित्राच्या ऑनलाइन मतदानाच्या प्रकल्पात उतरू का, आणि तुझी कंपनी तुझ्या एका युक्तीवर पेटंट मागतेय, त्या अर्जावर सही करू का. उशीर झाला, कारण तुझ्या प्रश्नांनी एक जुनी गोष्ट वर आली आणि ती लिहायला मला वेळ लागला. तीच आधी सांगतो.

मी तिशीत असताना एका संस्थेच्या कार्यकारिणीच्या निवडणुकीसाठी मतदानाचा आणि मोजणीचा प्रोग्राम लिहिला होता. सभासदांनी संगणकावर मत द्यायचं, कागद कुठेच नाही. त्याचा मला फार अभिमान होता. एका जागेचा निकाल 11 मतांनी लागला. हरलेल्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. निकालानंतर त्या माझ्याकडे आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मोजणी बरोबर आहे हे मला दाखवा." मी कोड दाखवला, चाचण्यांचे निकाल दाखवले, डेटाबेसमधले आकडे दाखवले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही दाखवताय तोच प्रोग्राम त्या दिवशी चालत होता कशावरून? आणि मी दाबलेलं नावच त्यानं लिहून घेतलं कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोजणी बरोबर होती असं मला आजही वाटतं. पण वाटण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं, आणि तो दोष मी उभ्या केलेल्या रचनेचा होता. पुढची दोन वर्षं त्या संस्थेच्या प्रत्येक सभेवर त्या निकालाची सावली राहिली. चांगली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. जिंकलेल्याला पुरावा लागत नाही. तो हरलेल्यासाठी ठेवायचा असतो, आणि मी तो ठेवलाच नव्हता.

म्हणून तुझ्या मित्राच्या ऑनलाइन मतदानाच्या प्रकल्पात उतरू का, या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर हेच आहे: त्याला विचार, हरलेला उमेदवार आला तर त्याला काय दाखवणार?

तो म्हणेल, बँकेचे व्यवहार मोबाइलवर होतात, मग मतदान का नको? हा प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतं. बँकेत चूक झाली तर ती तुझ्या स्टेटमेंटमध्ये दिसते, तू तक्रार करतेस, पैसे परत मिळतात. हे जमतं कारण व्यवहार कोणाचा आणि किती रकमेचा, हे तुला आणि बँकेला दोघांनाही माहीत असतं. मताचं तसं ठेवता येत नाही. 1856 साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी सरकारी मतपत्रिकेवर गुप्त मतदान सुरू केलं, ते लाच आणि धाकदपटशा मोडण्यासाठी. कोणाला मत दिलं याची पावती हातात आली, की ती विकता येते आणि दमदाटी करून मागताही येते. म्हणजे मत कोणाचं हे कळता कामा नये, आणि तरीही ते नेमकं मोजलं गेलं हे कळलं पाहिजे. या दोन अटी एकत्र पाळणं ही आपल्या क्षेत्रातल्या सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर समस्यांपैकी एक आहे. एस्टोनियात 2005 पासून इंटरनेटवरून मत देता येतं. दबावाखाली दिलेलं मत नंतर बदलता यावं म्हणून तिथे पुन्हा मत द्यायची सोय ठेवली आहे. त्यामागे विचार आहे. पण मतदाराच्या स्वतःच्या फोनमध्ये किंवा संगणकात काय शिरलंय, हे आयोजकाला कुठून कळणार?

2010 मध्ये वॉशिंग्टन शहराच्या निवडणूक मंडळानं परदेशस्थ मतदारांसाठी अशीच व्यवस्था केली आणि खऱ्या मतदानाआधी कोणीही येऊन ती तोडून दाखवावी असं जाहीर आवाहन केलं. मिशिगन विद्यापीठाच्या चमूनं 48 तासांच्या आत सर्व्हर ताब्यात घेतला, आधी पडलेली मतं बदलली आणि आभाराच्या पानावर आपल्या विद्यापीठाचं गीत वाजत ठेवलं. अधिकाऱ्यांच्या ते लक्षात यायला कामकाजाचे जवळपास दोन दिवस गेले. त्या मंडळाबद्दल मला आदर आहे, कारण त्यांनी चाचणी उघड्यावर घेतली आणि निकाल पाहून ऑनलाइन मत स्वीकारण्याचा बेत सोडला. तुझ्या मित्राची अशी तयारी आहे का?

एक मात्र सांगतो. त्या अनुभवानंतर बरीच वर्षं मी 'यंत्र नकोच' म्हणणाऱ्यांपैकी होतो. ते मत मी बदललं आहे. हातमोजणीत थकलेली माणसं चुकतात, पेट्या पळवता येतात, शिक्के मारून भरता येतात. यंत्रांनी यातले काही गैरप्रकार खरोखर अवघड केले आणि ज्यांना दिसत नाही अशा मतदारांना कोणाच्या मदतीशिवाय मत देण्याचा मार्गही खुला केला. आज माझा आग्रह एवढाच आहे, की मताची दुसरी, स्वतंत्र खूण मागे राहिली पाहिजे आणि ती खरोखर उघडून पाहिली गेली पाहिजे.

चूक होण्यासाठी कोणी दुष्ट असावं लागत नाही. 18 मे 2003 रोजी बेल्जियममधल्या स्कारबेक इथे एका उमेदवाराच्या खात्यात 4096 मतं जास्तीची जमा झाली. ती सापडली, कारण आकडा शक्य असलेल्या मतांच्या पलीकडे गेला होता. 4096 म्हणजे दोनाचा बारावा घात. हे वाचताच तुला कळलं असेल, की मेमरीतला एक बिट, म्हणजे आकड्यातली 0 किंवा 1 ची एक जागा, उलटला होता. प्रोग्राममध्ये दोष सापडला नाही. वैश्विक किरणांमुळे तसं झालं असावं, अशी शक्यता सांगितली गेली. आता कल्पना कर, की उलटलेला बिट जरा खालचा असता आणि मतं 64 नं वाढली असती. कोणाला शंका आली असती?

3 मार्च 2009 रोजी जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयानं 2005 च्या निवडणुकीतल्या मतदान यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला. गडबड झाल्याचा पुरावा नव्हता, म्हणून निवडणूक रद्द केली नाही. आक्षेप वेगळा होता: मतदानाचे आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला खास तांत्रिक ज्ञानाशिवाय विश्वासार्हपणे तपासता आले पाहिजेत. तो निकाल वाचताना मला त्या शिक्षिकाबाईच बोलताहेत असं वाटलं. आयर्लंडनं तर 5 कोटी युरोंहून अधिक खर्च करून सुमारे साडेसात हजार यंत्रं घेतली, देशभर कधी वापरली नाहीत आणि 2012 मध्ये भंगारात काढली.

यंत्रानं मताची कागदी चिठ्ठी छापली म्हणजे काम झालं असंही नाही. किती चिठ्ठ्या तपासायच्या हा गणिताचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मताधिक्यावर अवलंबून असतं. मतपत्रिका यादृच्छिक उचलून पाहण्याच्या पद्धतीत दोन उमेदवारांमध्ये 10 टक्क्यांचं अंतर असेल, तर चुकीचा निकाल निसटण्याची शक्यता 10 टक्क्यांच्या खाली ठेवायला सरासरी पाचशेच्या आसपास मतपत्रिका पुरतात, एकूण मतं लाखोंनी असली तरी. अंतर 1 टक्का झालं, की साधारण शंभरपट लागतात. म्हणजे तपासणी निकालाच्या चुरशीनुसार वाढली पाहिजे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यानं नोव्हेंबर 2017 पासून राज्यभर या धर्तीची तपासणी सुरू केली. भारतात 2019 पासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या 5 मतदान केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. निकाल हजारांनी लागो की लाखांनी, आकडा तोच. मला ही रचना अपुरी वाटते. हे म्हणजे कोणावर फसवणुकीचा आरोप करणं नव्हे, हे तू तरी समजून घेशील.

(मतदारयाद्या, मतदारसंघांच्या सीमा, प्रचाराचा पैसा हेही न्याय्य निवडणुकीचेच भाग आहेत आणि कदाचित जास्त मोठे. त्यावर वेगळं लिहीन. इथे मी आपल्या हातातल्या कामापुरतं बोलतोय.)

आता पेटंटकडे येतो, आणि एकाच माणसाचं बोट धरून येतो. रॉन रिव्हेस्ट हे नाव तुला आरएसए या गुप्तलेखनाच्या पद्धतीमुळे माहीत आहे. 2006 मध्ये त्यांनी जॉन वॅक यांच्यासोबत एक कसोटी मांडली: सॉफ्टवेअरमधल्या न सापडलेल्या बदलामुळे किंवा चुकीमुळे निकालात न सापडणारा बदल होऊ शकत असेल, तर ती मतदान व्यवस्था स्वीकारू नये. ही कसोटी मी माझ्या टेबलासमोर लिहून लावली आहे. आणि याच रिव्हेस्टचं नाव आपल्या क्षेत्रातल्या एका अत्यंत प्रसिद्ध पेटंटवरही आहे.

आरएसएचं अमेरिकी पेटंट 20 सप्टेंबर 1983 रोजी मंजूर झालं. पद्धत अर्जाआधीच प्रसिद्ध झाल्यानं बहुतेक इतर देशांत पेटंट मिळू शकलं नाही. म्हणजे तेच गणित सीमेच्या एका बाजूला मोकळं आणि दुसऱ्या बाजूला परवान्याचं, आणि हे 2000 च्या सप्टेंबरपर्यंत. पुढे 1997 मध्ये उघड झालं, की ब्रिटिश सरकारी गुप्तलेखन संस्थेतल्या क्लिफर्ड कॉक्स यांनी तीच कल्पना 1973 मध्येच शोधली होती. दोन ठिकाणी, एकमेकांना न कळता, तेच गणित सुचलं. सॉफ्टवेअरमध्ये हे रोज घडतं. तुझ्या आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या डोक्यात एकाच आठवड्यात एकच युक्ती येते. पेटंट मात्र स्वतंत्रपणे सुचल्याची सबब मानत नाही.

पेटंटमागचा मूळ करार मला मान्य आहे, हेही सांगतो. शोध उघड कर, त्या बदल्यात समाज तुला अर्जापासून 20 वर्षं मक्तेदारी देतो. औषधाच्या रेणूवर दहा वर्षं आणि प्रचंड पैसा घालणाऱ्याला असं संरक्षण हवं, हे मला पटतं. पण पेटंट वाचून कोड लिहायला शिकलेला एकही प्रोग्रामर मला आजवर भेटलेला नाही. दावे, म्हणजे नेमकं कशावर हक्क आहे हे सांगणारी पेटंटमधली कलमं, इतके सैल भाषेत लिहिलेले असतात, की त्यातून शिकण्यासारखं काही हाती लागत नाही आणि अडकण्यासारखं मात्र पुष्कळ असतं. जिफ चित्रांचं उदाहरण घे. कॉम्प्युसर्व्ह कंपनीनं 1987 मध्ये तो साचा काढला, त्यात एलझेडडब्ल्यू ही आकुंचनाची (फाइल लहान करण्याची) पद्धत वापरली. तिच्यावर युनिसिस या दुसऱ्या कंपनीचं पेटंट होतं. 1994 च्या अखेरीस परवाना शुल्काची घोषणा झाली, तोवर ती चित्रं सगळीकडे पसरली होती. त्या संतापातून पीएनजी हा चित्रांचा नवा साचा जन्माला आला, हे चांगलंच झालं, पण किती चांगल्या लोकांचे किती महिने एका वळशात गेले!

कायदाही डळमळीत आहे. युरोपीय संसदेनं 6 जुलै 2005 रोजी सॉफ्टवेअर पेटंटविषयक निर्देश 648 विरुद्ध 14 मतांनी फेटाळला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 19 जून 2014 रोजी अ‍ॅलिस खटल्यात ठरवलं, की एखादी अमूर्त कल्पना साध्या संगणकावर चालवली एवढ्यानं ती पेटंटयोग्य होत नाही. तरीही अर्ज होतच राहतात, आणि त्यातल्या एकावर आता तुझं नाव घालायचं म्हणतात.

माझं नाव अशा एका पेटंटवर आहे. आमचे वरिष्ठ म्हणाले होते, "हे फक्त बचावासाठी." ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. काही वर्षांनी कंपनी विकली गेली, पेटंटांचा गठ्ठा तिसऱ्याच कोणाकडे गेला आणि एके दिवशी पाच जणांच्या एका छोट्या चमूला वकिलाची नोटीस आली. त्यातली एक मुलगी माझ्या हाताखाली शिकलेली होती. तिनं मला नोटिशीची प्रत पाठवली. वर शोधक म्हणून माझं नाव होतं. त्यांनी माझं पेटंट कधी पाहिलंही नव्हतं. त्यांनी ते वैशिष्ट्य काढून टाकलं, कारण लढायला पैसे नव्हते. ती माझ्यावर रागावली नाही, आणि ते मला अजून बोचतं.

म्हणून तुझ्या वरिष्ठांना 'बचावासाठी' हा शब्द कागदावर आणायला सांग. 2012 मध्ये ट्विटरनं शोधकांशी एक करार जाहीर केला होता: शोधकाच्या संमतीशिवाय पेटंट आक्रमणासाठी वापरणार नाही, आणि हे बंधन पेटंट विकलं तरी त्याच्यासोबत जाईल. तो नमुना दाखव. ते नको म्हणाले, तर दुसरा मार्ग सुचव: युक्ती तपशिलानं, तारखेसह प्रसिद्ध करून टाका, म्हणजे नंतर दुसऱ्या कोणाला तिच्यावर पेटंट मागता येणार नाही. बचाव एवढाच हेतू असेल, तर तो यानंही बराचसा साधतो. कोड खुला करणार असाल तर अपाची 2.0 हा खुल्या सॉफ्टवेअरचा परवाना घ्या, त्यात पेटंटचा वापरहक्क स्पष्ट दिलेला आहे. आणि या सगळ्याला नकार मिळाला, तर त्यांचा हेतू काय आहे हे तुला कळेल. नोकरीच्या करारानं तुझे हात किती बांधले आहेत ते मात्र आधी बघ. तुझ्यावर घराची जबाबदारी आहे हे मला माहीत आहे, आणि सही करावी लागली म्हणून मी तुला कमी लेखणार नाही.

तुझ्या मित्राला माझ्याकडे घेऊन ये. त्याची कल्पना मला ऐकायची आहे, आणि मतांची कागदी खूण ठेवायला तो तयार असेल, तर मोजणीच्या तपासणीचा भाग मी स्वतः तुमच्याबरोबर बसून लिहीन. पेटंटचा मसुदा मात्र सही करण्याआधी पाठव. दावे मी पेन्सिल घेऊन वाचतो. हस्तांतराचं कलम बहुतेक शेवटच्या पानावर असेल, ते आपण सर्वांत आधी वाचू.

तुझा,
जुना सहकारी