कल्पना तुमची, कोड त्याचा

"ताई, मी आठ वर्षं सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. आमचं ॲप दर वेळी सगळा डेटा सर्व्हरकडे पाठवायचं. फक्त बदललेला डेटा पाठवावा, ही कल्पना माझी. ती मी तीन महिने खपून करून दाखवली. टीममधल्या एका सहकाऱ्याने रिव्ह्यूमध्ये 'फार गुंतागुंतीचं आहे, चालणार नाही' म्हटलं आणि मग एका शनिवार-रविवारात तेच स्वतः नव्याने लिहिलं. त्याचं मर्ज झालं, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेतलं गेलं. त्या बदलासोबतच्या नोंदीत, म्हणजे कमिट मेसेजमध्ये, 'मूळ कल्पनेसाठी आभार' आणि माझं नाव, एवढी एक ओळ. डेमोत मॅनेजरने त्याचं तोंडभरून कौतुक केलं. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. त्याच्या पुल रिक्वेस्टही, म्हणजे नवा कोड तपासून घ्यायच्या विनंत्या, मुद्दाम दोन-दोन दिवस पाडून ठेवतो. मी कोत्या मनाचा झालोय का?"

तुम्ही कोत्या मनाचे नाही. तुमच्या जिव्हारी लागलंय, आणि लागण्यासारखंच आहे ते. उशिरा रिव्ह्यू देण्याबद्दल मात्र शेवटी बोलणार आहे.

तुमच्यासारखंच एक प्रकरण 2007 साली लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, घडलं होतं. कॉन कोलिव्हास हा ऑस्ट्रेलियातला माणूस. पेशाने भूलतज्ज्ञ, फावल्या वेळात कर्नलवर काम करणारा. साध्या घरगुती कॉम्प्युटरवर माऊस अडखळू नये, गाणं मध्येच तुटू नये, ही त्याची तळमळ. त्यासाठी प्रोसेसरचा वेळ सगळ्या प्रोग्रामना न्यायाने वाटून देणारा शेड्यूलर त्याने लिहिला आणि चालवून दाखवला. त्या भागाची जबाबदारी इंगो मोल्नार यांच्याकडे होती. त्यांनी एप्रिलमध्ये त्याच दिशेने स्वतःचा शेड्यूलर लिहिला. पहिली ओळ लिहिल्यापासून 62 तासांत तो सगळ्यांसमोर ठेवला, आणि तोच कर्नलमध्ये गेला. घोषणेत मोल्नार यांनी कोलिव्हासला नाव घेऊन श्रेय दिलं होतं. तरीही जुलैमध्ये कोलिव्हासने कर्नलचं काम सोडलं.

श्रेयाची ओळ होती, आणि तरी माणूस गेला. मी या गोष्टीपाशी पुन्हा पुन्हा येते. त्याच्या मनात काय होतं ते मी कशाला ठरवू? पण तुमचं पत्र वाचताना वाटलं की तुमचाही सल त्या एका ओळीने जाणारा नाही. तुमच्या कामाला "चालणार नाही" म्हणणारा माणूस गुपचूप तेच करत बसला. सोमवारी येऊन "अरे, तुझा मुद्दा मला आता पटला, आपण दोघं मिळून लिहू या का?" एवढं त्याने विचारलं असतं, तर हे पत्र तुम्ही लिहिलंच नसतं. त्याने कोड चोरला नाही. त्याने तुम्हाला वगळलं.

म्हणून "श्रेय लाटलं" हा शब्द कुणाहीपुढे वापरू नका. तो वापरलात की लोक दोन्ही कोड शेजारी ठेवून बघतील, त्यांत एकही ओळ सारखी दिसणार नाही, आणि तुमची खरी तक्रारही खोटी ठरेल. कोड त्याचा आहे, हे आधी स्वतःशी कबूल करा. अडचण कुठे आहे, उपाय काय आणि तो चालतो, हे सिद्ध करणं तुमचं आहे. शनिवार-रविवारात त्याचं लिहून झालं, कारण तुमच्या तीन महिन्यांनी चुकीच्या वाटा आधीच बंद केल्या होत्या. हे मात्र ठासून सांगा.

एक कटू प्रश्नही विचारते. "गुंतागुंतीचं आहे" या शेऱ्याला तुम्ही काय उत्तर दिलंत? पत्रात त्याबद्दल काहीच नाही. कदाचित रागावून गप्प बसलात. कोड खरंच गुंतागुंतीचा असेल, तर ते त्याचं म्हणणं बरोबर होतं. तसं असलं तरी त्याचं पुढचं वागणं बरोबर ठरत नाही.

आता करायचं काय. आधी त्याच्याशी बोला, एकट्याला गाठून, चॅटवर नाही. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. सरळ म्हणा, "तू नव्याने लिहिलंस याचा राग नाही, मला न सांगता लिहिलंस याचा आहे. डेमोत तू माझं नाव घ्यायला हवं होतंस." मग थांबा, त्याला बोलू द्या. कदाचित तो ओशाळेल, कदाचित वाद घालेल. दोन्हींची तयारी ठेवा.

मर्ज झालेला कमिट बदलायचा आग्रह धरू नका. त्यासाठी गिटचा, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा, इतिहास नव्याने लिहावा लागतो आणि त्या ब्रांचवर काम करणाऱ्या सगळ्यांना त्याचा ताप होतो. त्यापेक्षा या भागाचा डिझाइन डॉक्युमेंट तुम्ही लिहा. आधीची पद्धत का हळू होती, तुम्ही काय करून पाहिलं, काय फसलं, आणि शेवटी त्याने कशी रचना केली, हे सगळं त्यात येऊ दे. त्याचं नाव मोकळ्या मनाने घाला, आपलंही घाला. पुढे कुणी त्या कोडला हात लावेल तेव्हा तो हाच डॉक्युमेंट उघडेल. मॅनेजरलाही तोच पाठवा आणि वार्षिक मूल्यमापनात त्याचाच हवाला द्या. तारखांसकट लिहिलेल्या कामाला तक्रारीचा सूर लावावा लागत नाही.

टीमपुढे एक नियमही मांडा: दुसऱ्याचं काम नव्याने लिहायचं असेल तर आधी त्याला सांगायचं, आणि दोघांचा हातभार असेल तर कमिटमध्ये सहलेखक म्हणून दोघांची नावं घालायची. कर्नलमध्ये कल्पना कुणी सुचवली, बग कुणी दाखवला, तपासणी कुणी केली, याच्या वेगवेगळ्या ओळी कमिटखाली लिहायची पद्धत आहे. छोट्या टीमलाही ती सहज जमेल.

आणि तुमच्याकडे अडकलेली त्याची पुल रिक्वेस्ट त्याला भेटण्याआधी बघून टाका. चांगली असेल तर चांगली म्हणा. त्या रिक्वेस्टमागे कुणीतरी तिसरा माणूसही खोळंबला असेल, ज्याचं या भांडणाशी काही देणंघेणं नाही.