पॉवरपॉइंटमध्ये चार्ट येत नाही? आधी एक्सेल तपासा

घाबरू नका, आणि लगेच विंडोज नव्याने टाकायला तर मुळीच जाऊ नका; बहुतेक नवखे तिथेच चुकतात. पॉवरपॉइंट २००७ पासून चार्टची आकडेवारी एक्सेलच्या शीटमध्ये राहते. म्हणून आधी एक्सेल वेगळं उघडून पाहा. तेच उघडत नसेल तर दोष तुमच्या प्रेझेंटेशनचा नाही.

मग या क्रमाने:
- उघड्या फाइली सेव्ह करा आणि टास्क मॅनेजरमध्ये (चालू प्रोग्रॅम दाखवणारी विंडोजची खिडकी) अडकून पडलेलं एक्सेल बंद करा. कमी रॅमच्या जुन्या मशीनवर बरेचदा एवढ्यानेच काम होतं.
- फाइल जुन्या पीपीटी प्रकारातली असेल तर पीपीटीएक्स म्हणून सेव्ह करा.
- तरीही अडलं तर कंट्रोल पॅनलमधून ऑफिस रिपेअर.

उद्याच सादरीकरण आहे? चार्ट एक्सेलमध्ये बनवा आणि स्लाइडवर चित्र म्हणून पेस्ट करा. रजिस्ट्रीला, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्याला, तूर्त हात लावू नका.