खिडकीतली मेथी

करोनाच्या लॉकडाऊनमुळे २५ मार्च २०२० पासून २१ दिवस घरातच, या विचारानंच तुझा जीव घाबरा झालाय, कळतंय गं मला. आधी एक कर, बातम्या दिवसातून एकदाच बघ. मग मिसळणाच्या डब्यातले मूठभर मेथीदाणे रात्री भिजत घाल. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला खालून भोकं पाड, माती भर, दाणे पसरून वर मातीचा पातळ थर दे. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, दाणे कुजतात. तीन-चार दिवसांत माती उचलून वाकलेली पांढरी मान वर येते, टरफल अजून डोक्यावरच असतं. ते बघताना मला दर वेळी भरून येतं. आणि हो, रोपं बोटभर झाली की थोडी शेजारच्या आजींच्या दाराशी ठेव. बेल वाजव, मागे सरक आणि लांबूनच दोन शब्द बोल. आठवडाभर त्यांच्याशी कुणी बोललेलं नसेल.