हवा एकच, मग लोखंडच का झिजते?

प्रश्न : आमचे घर कोकणात समुद्राजवळ आहे. खिडकीच्या लोखंडी गजांचे पापुद्रे सुटतात, तांब्याच्या घंगाळावर हिरवट थर चढतो, देवघरातील चांदीची निरांजने काळी पडतात. अ‍ॅल्युमिनियमचे पातेले मात्र तसेच राहते. असे का?

उत्तर : अ‍ॅल्युमिनियमवर हवेचा परिणाम होत नाही, हा समज आधी दूर करायला हवा. या चारही धातूंत ऑक्सिजनशी सर्वांत सहज संयोग पावणारा तोच आहे. मात्र त्यावर तत्काळ तयार होणारा ऑक्साइडचा थर अवघा काही नॅनोमीटर जाडीचा असूनही इतका सलग आणि घट्ट असतो, की ऑक्सिजन पुढे आत पोहोचत नाही. ओरखडा उठला, तरी तेथे लगेच नवा थर धरतो.

लोखंडाचे दुर्दैव नेमके येथेच आहे. दमट हवेत त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा सूक्ष्म थर साचतो. एका ठिकाणी लोखंड इलेक्ट्रॉन गमावून त्या पाण्यात विरघळते, तर दुसऱ्या ठिकाणी हवेतील ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन स्वीकारतो, आणि या देवघेवीतून पाणी धरून ठेवणारा तांबूस ऑक्साइड, म्हणजे गंज, बनतो. समुद्राकडून येणारे मीठ ओलावा शोषून घेते आणि त्या पाण्याची विद्युतवाहकता वाढवते, त्यामुळे ही क्रिया किनाऱ्यावर फार वेगाने होते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून तो फुगून सुटतो व खालचा धातू पुन्हा उघडा पडतो. गजांवरचा गंज पूर्ण खरवडल्याशिवाय रंग देणे व्यर्थ आहे, ते यामुळेच.

तांब्यावर आधी तपकिरी ऑक्साइड आणि मग हळूहळू हिरवे क्षार तयार होतात; किनाऱ्यावर त्यांत क्लोराइडचाही वाटा असतो. हा थर खालच्या धातूचे बरेचसे रक्षण करतो, परंतु आंबट पदार्थांत तांबे उतरते व ते कळकतात, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यांना कल्हई हवीच.

चांदीला नेहमीच्या तापमानाला ऑक्सिजनचे भय नाही. तिला काळे करतो तो हवेत अत्यल्प असणारा हायड्रोजन सल्फाइड वायू, ज्यामुळे तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचे पुट चढते. रबरातूनही गंधकाची संयुगे सुटतात, तेव्हा चांदीच्या पुडीला रबरबँड लावू नये. काळी पडलेली निरांजने अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलला टेकवून, खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात ठेवल्यास सल्फाइडमधील चांदी पुन्हा धातुरूपात येते. घासून मात्र ती थोडी थोडी झिजते. खडे जडवलेल्या वस्तूंसाठी ही रीत वापरू नये.