पिकअप वाढला, टायर तेवढाच राहिला: सील प्रीमियम की परफॉर्मन्स?

तुमचा प्रश्न मला असा समजला: सात-साडेसात सेकंदांत शंभराला पोहोचणारी पेट्रोल सेडान तुम्ही आठ वर्षे चालवली, आता बीवायडी सील या विजेवरच्या सेडानच्या प्रीमियम आणि परफॉर्मन्स या दोन प्रकारांत मन अडकले आहे, वर्धा रोडवरच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये परफॉर्मन्सने वेड लावले, पण वळणावर ती जड वाटली, आणि ते खरे की मनाचे खेळ हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. ते खरे आहे. मी स्वतः गेली काही वर्षे याच वजनाची, दोन मोटर असलेली विजेची गाडी नागपुरात चालवतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आधी दोन्ही प्रकार शेजारी ठेवून पाहा. मार्च २०२४ मध्ये सील भारतात आली तेव्हा प्रीमियमची एक्स-शोरूम किंमत ४५.५५ लाख रुपये होती आणि परफॉर्मन्सची ५३ लाख. बॅटरी दोन्हींत तीच, ८२.५६ किलोवॉट-अवरची. प्रीमियममध्ये फक्त मागच्या चाकांना मोटर, ताकद ३१३ पीएस, टॉर्क ३६० न्यूटन-मीटर आणि शून्य ते शंभर ५.९ सेकंद, परफॉर्मन्समध्ये पुढच्या चाकांसाठी दुसरी मोटर, एकूण ५३० पीएस, ६७० न्यूटन-मीटर आणि ३.८ सेकंद. वजन अनुक्रमे सुमारे २,०५५ आणि २,१८५ किलो. या सगळ्या आकड्यांत जो आकडा कुणी पाहत नाही तो टायरचा आहे, आणि तो दोन्हींत एकच आहे: २३५/४५ आर १९.

म्हणजे १३० किलो वजन वाढले, ताकद दीडपटीहून अधिक झाली, पण रस्त्याला टेकणारे रबर तेवढेच राहिले. टायरचा स्वभाव असा, की त्याच्यावरचा भार वाढला की पकडही वाढते, मात्र भाराच्या प्रमाणात वाढत नाही, थोडी मागे पडते. म्हणूनच रुंदी सारखी असताना जड गाडी वळणावर लवकर बाहेर ओढली जाऊ लागते. बॅटरी जमिनीलगत असल्याने गुरुत्वमध्य खाली येतो, गाडी कलंडल्यासारखी होत नाही, आणि नेमक्या याच गोष्टीमुळे चालकाची फसगत होते. कारण पेट्रोल गाडीत अंग एका बाजूला कलले की आपण आपोआप पाय उचलतो, आणि इथे ती सूचना फार उशिरा मिळते.

आता पिकअपचा हिशेब पाहू. ३.८ सेकंदांत शंभर म्हणजे सरासरी ०.७४ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.७४ पट, एवढे त्वरण. सीलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, २,९२० मिलिमीटर आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच धरला, तर चालकासह २,२५० किलोच्या गाडीत एवढ्या त्वरणाला जवळपास २८५ किलो भार पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर सरकतो. सरळ रस्त्यावर याने काही बिघडत नाही. परंतु वळणाच्या मधोमध पाय दाबला, तर ज्या चाकांनी गाडी वळवायची तीच हलकी झालेली असतात आणि नाक बाहेर जाऊ लागते. तुम्हाला जो जडपणा वाटला त्यातला मोठा वाटा बहुधा याचाच असावा. तुमच्या जुन्या गाडीच्या सवयीने तुम्ही वळण संपण्याआधी ॲक्सिलरेटर दिला असणार. तिथे गिअर पडेपर्यंत आणि टर्बो जागा होईपर्यंत वळण संपलेलेच असे.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी. ५० मीटर त्रिज्येचे वळण ६० किमीच्या वेगाने घेतले तर बाजूचे त्वरण ०.५७ जी येते. तेच ७० ने घेतले तर ०.७७ जी. कोरड्या, स्वच्छ डांबरावर चांगला टायर हे पेलतो, पण आपल्याकडे वळणाच्या कडेला वाळू आणि बारीक गिट्टी नेहमीचीच, आणि तिथे ०.७७ हा आकडा हद्दीला जाऊन भिडतो. आता पाहा, परफॉर्मन्सला ६० वरून ७० ला जायला जेमतेम ०.४ सेकंद लागतो. ना आवाज, ना गिअर बदलल्याची जाणीव. स्पीडोमीटरकडे पाहिले नाही तर वेग दहाने वाढला हे कळतही नाही. दोन वळणांमधल्या छोट्या सरळ तुकड्यात ही गाडी जितका वेग जमवते, तितका पुढच्या वळणाआधी उतरवण्याची शिस्त चालकाकडे हवी. चिखलदऱ्याच्या घाटात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वर पोहोचेपर्यंत मलाच मळमळू लागले होते, मागे बसलेल्यांचे तर विचारूच नका.

ओव्हरटेकला परफॉर्मन्स जास्त कामाची, हा मुद्दाही तुम्ही काढला आहे आणि तो रास्त आहे. चार माणसे व सामान धरून ६० ते १०० साठी लागणारी ऊर्जा काढली आणि तिला मोटरच्या ताकदीने भागले, तर प्रीमियमला आदर्श स्थितीत सुमारे अडीच सेकंद लागतात, परफॉर्मन्सला टायरची मर्यादा धरून दीड ते पावणेदोन. प्रत्यक्षात दोन्ही आकडे थोडे वाढतील, पण फरक साधारण एका सेकंदाच्या आसपासच राहील. ८० च्या वेगात एक सेकंद म्हणजे २२ मीटर. काटोल रोडसारख्या रस्त्यावर समोरून ट्रक येत असताना २२ मीटर कमी नाहीत, हे मी मान्य करतो. तरीही तुमच्या सध्याच्या गाडीच्या मानाने प्रीमियमसुद्धा फार पुढे आहे.

नागपूरचा उन्हाळा या गणितात धरलाच पाहिजे. बॅटरी थंड ठेवायला आणि केबिन थंड ठेवायला बहुतेक गाड्यांत एकच कॉम्प्रेसर राबतो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत, दुपारी उन्हात उभी केलेली गाडी काढून मी लागोपाठ तीनदा पूर्ण पाय दाबून पाहिला आहे. तिसऱ्या वेळी ओढ स्पष्टपणे मंदावली आणि एसीची हवाही किंचित कोमट झाली. हा दोष नव्हे, बॅटरी वाचवण्यासाठी गाडीने घेतलेली काळजी आहे. चार्ज २० टक्क्यांच्या खाली गेल्यावरही ओढ अशीच कमी होते. त्यामुळे ५३० पीएस वर्षाचे बारा महिने आणि चार्जच्या प्रत्येक टक्क्याला मिळतील असे गृहीत धरू नका.

रीजनबद्दल, म्हणजे पाय उचलताच मोटर गाडी मंद करते आणि ती वीज बॅटरीत परत घालते त्याबद्दल, तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो, कारण मला तो धडा फुकट मिळाला. अकोल्याला जायचे म्हणून रात्री गाडी १०० टक्के चार्ज केली आणि पहाटे साडेपाचला सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याच्या बाजूला उतरत होतो. रोजच्या सवयीने वळणाआधी पाय उचलला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी तशीच घरंगळत राहिली. भरलेल्या बॅटरीत परत वीज घालायला जागाच नव्हती, म्हणून रीजन जवळपास बंद होते, आणि स्क्रीनवर तसा बारीक संदेशही आलेला होता जो मी वाचला नव्हता. ब्रेकवर पाय गेला, झाले काहीच नाही, पण हाताला घाम सुटला. तेव्हापासून घरून निघताना चार्ज ९० च्या पुढे असेल तर पहिले काही किलोमीटर मी पाय ब्रेकजवळ ठेवतो.

टायर बदलाल तेव्हा नुसता आकार जुळवून घेऊ नका. याच २३५/४५ आर १९ मापात ९५ लोड इंडेक्सचा टायर एका चाकाला ६९० किलो पेलतो आणि ९९ चा एक्सएल (जास्त भारासाठी मजबूत केलेला) टायर ७७५ किलो. मला एका दुकानात सहज ९५ चे टायर गळ्यात मारले जात होते, 'साईज तर तीच आहे ना साहेब' म्हणून. चार माणसे आणि सामान घेतलेली ही गाडी अडीच टनांच्या पुढे जाते. समृद्धी महामार्गावर मे महिन्याच्या दुपारी १२० च्या मर्यादेने तासन्‌तास सिमेंटवर धावताना ६९० ची चार चाके फारच काठावरची होतात. टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असतानाच पाहावी. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की दाब सुमारे एक पीएसआयने चढतो, आणि दुपारी पंपावर तो चढलेला आकडा पाहून हवा सोडणारे महाभाग मी पाहिले आहेत.

माझे मत विचाराल तर प्रीमियम घ्या. मागच्या चाकांना मोटर असल्याने पुढची चाके फक्त वळवण्याचे काम करतात, स्टिअरिंग मोकळे राहते, नाकावर १३० किलोतला बराचसा भार येत नाही, आणि साडेसात लाखांच्या जवळचा फरक खिशात उरतो. परफॉर्मन्सच्या बाजूने एकच भक्कम कारण मला दिसते, ते म्हणजे पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर चारही चाकांना मिळणारी ओढ; पण ब्रेक लावताना आणि वळताना तिचा काही उपयोग नाही, हेही तितकेच खरे.

निर्णयाआधी पुन्हा एक टेस्ट ड्राइव्ह मागा, आणि या वेळी वर्धा रोडचा सरळ तुकडा नको. घरची चार माणसे बसवा, सेमिनरी हिल्सची वळणे एकाच वेगाने दोन्ही प्रकारांत घ्या, आणि नव्या सिमेंट रस्त्याची कड जिथे जुन्या डांबराला भेटते त्या पायरीवरून दोन्ही गाड्या हळू उतरवून पाहा. कोणती गाडी मागच्या सीटवरच्यांना कमी हलवते, ते त्यांनाच विचारा.